रस्त्याचा हक्क आणि रस्त्याचा खर्च : नॉटिंग हिल कार्निव्हलचे प्रकरण

लंडनच्या पश्चिम भागात नॉटिंग हिल आणि नॉर्थ केन्सिंग्टन या एकमेकींना लागून असलेल्या वस्त्या आहेत. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी इंग्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. त्या सोमवारी आणि आदल्या रविवारी या वस्त्यांचे रस्ते वाहनांना बंद होतात आणि सुमारे साडेपाच किलोमीटरच्या मार्गावरून वेशभूषा केलेल्या नर्तकांचे ताफे, स्टील पॅन हे पोलादी तालवाद्य वाजवणारे बँड आणि संगीताचे ट्रक दिवसभर फिरत राहतात. दोन दिवसांची गर्दी दहा ते वीस लाखांच्या दरम्यान सांगितली जाते. तिकीट नाही आणि कुंपणही नाही, त्यामुळे हा आकडा नेमका काढणे अवघड आहे, आणि ही साधी वस्तुस्थिती पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी आहे.

नॉटिंग हिल कार्निव्हल नावाचा हा कॅरिबियन धाटणीचा उत्सव वस्तीतल्या रस्त्यांवरच राहावा, की एखाद्या उद्यानात वा स्टेडियममध्ये हलवावा, हा प्रश्न जवळजवळ पन्नास वर्षे विचारला जात आहे. प्रत्येक वेळी निर्णय रस्त्याच्या बाजूने लागला. रस्त्यावर राहण्यासाठी लागणारी व्यवस्था कोणी उभी करायची आणि तिचे पैसे कोणी द्यायचे, हे मात्र त्या निर्णयांबरोबर ठरले नाही. हक्क मान्य झाला आणि जबाबदारी अधांतरी राहिली. या प्रकरणाचा अभ्यास करताना मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच फट, आणि पुढील विवेचन तिच्याभोवतीच ठेवले आहे.

वस्तीची पूर्वपीठिका

आज नॉटिंग हिल म्हटले की पांढऱ्या गिलाव्याची महागडी घरे डोळ्यांसमोर येतात. १९५० च्या दशकात हीच घरे मोडकळीला आली होती. एकेका घराच्या खोल्या करून त्या वेगवेगळ्या कुटुंबांना चढ्या भाड्याने दिल्या जात, आणि पीटर रॅखमन या घरमालकाचे नाव भाडेकरूंच्या पिळवणुकीचे प्रतीक म्हणून इंग्रजी भाषेतच रुळले. १९४८ च्या जूनमध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज टिलबरी बंदराला लागले, तेव्हापासून कॅरिबियन बेटांवरून येणाऱ्या कामगारांना लंडनच्या बऱ्याच भागांत कोणी खोली देत नसे. येथे ती मिळत असे, मग ती कितीही वाईट असो. त्रिनिदादचे लोक या भागात विशेष संख्येने स्थिरावले. आयरिश, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि युक्रेनियन कुटुंबेही शेजारीच राहत होती.

१९५८ च्या ऑगस्टअखेरीस गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी या वस्तीतील कॅरिबियन कुटुंबांच्या घरांवर अनेक रात्री हल्ले केले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दंगल चालली. पुढच्या वर्षी मे महिन्यात केल्सो कोक्रेन या अँटिग्वाहून आलेल्या सुताराचा साउदम स्ट्रीटजवळ भोसकून खून झाला आणि त्यासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. कार्निव्हलचा रविवार-सोमवार आज नेमका त्या दंगलीच्या दिवसांच्या आसपास येतो. हा योगायोग आहे, कारण ऑगस्टची सार्वजनिक सुट्टी महिन्याच्या सुरुवातीकडून शेवटाकडे नंतर सरकवण्यात आली; पण वस्तीतील जुन्या लोकांच्या स्मरणात या दोन गोष्टी शेजारीशेजारीच आहेत.

सभागृहातून रस्त्यावर

दंगलीला सांस्कृतिक उत्तर देण्याचा पहिला प्रयत्न क्लॉडिया जोन्स यांनी केला. त्रिनिदादमध्ये १९१५ साली जन्मलेल्या, अमेरिकेत वाढलेल्या आणि कम्युनिस्ट असल्याबद्दल तुरुंगवास भोगून १९५५ मध्ये तेथून हद्दपार झालेल्या या पत्रकार स्त्रीने लंडनमध्ये ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे वृत्तपत्र काढले होते. ३० जानेवारी १९५९ रोजी त्यांनी सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला. बीबीसीने त्याचे प्रक्षेपण केले. उत्पन्नाचा काही भाग दंगलीच्या खटल्यांत दंड झालेल्या तरुणांना मदत म्हणून देण्याचे जाहीर करण्यात आले होते. जानेवारी निवडण्याचे कारण उघड आहे: त्रिनिदादचा कार्निव्हल ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. लंडनमध्ये त्या दिवसांत उघड्यावर, अंगभर कापड नसलेल्या पोशाखात नाचणे अशक्य असल्याने कार्यक्रम सभागृहात घ्यावा लागला. जोन्स यांचे डिसेंबर १९६४ मध्ये निधन होईपर्यंत असे कार्यक्रम लंडनच्या निरनिराळ्या सभागृहांत होत राहिले.

रस्ता मिळाला तो वेगळ्याच वाटेने. टॅव्हिस्टॉक क्रेसेंटमध्ये राहणाऱ्या राउन लॅस्लेट या समाजसेविका आपल्या घरातूनच शेजाऱ्यांना घरभाडे, कज्जे आणि सरकारी कागदपत्रे यांबाबत सल्ला देत. १९६६ मध्ये काही तरुण कार्यकर्त्यांसह सुरू झालेल्या ‘लंडन फ्री स्कूल’ या प्रौढशिक्षणाच्या उपक्रमात त्या होत्या. (या उपक्रमाला पैसे मिळावेत म्हणून त्या वर्षी ऑल सेंट्स चर्चच्या सभागृहात झालेल्या कार्यक्रमांत पिंक फ्लॉइड हा तेव्हा नवखा असलेला बँड वाजवत असे.) त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लॅस्लेट यांनी वस्तीतील मुलांसाठी जत्रा आणि मिरवणूक आयोजित केली. ती केवळ कॅरिबियन लोकांची नव्हती. सर्व देशांच्या शेजाऱ्यांनी एकत्र यावे हा हेतू होता. स्थानिक कौन्सिलने आधी दिलेला पाठिंबा काढून घेतला, तरीही जत्रा झाली.

या जत्रेसाठी रसेल हेंडरसन यांच्या स्टील बँडला बोलावले होते. त्रिनिदादचे हेंडरसन अर्ल्स कोर्टमधील एका पबमध्ये दर रविवारी वाजवत, आणि त्यांचे सहकारी स्टर्लिंग बेटनकोर्ट १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी आलेल्या त्रिनिदादच्या स्टील वाद्यवृंदातून लंडनला पोहोचले होते. एका जागी बसून वाजवण्याऐवजी हेंडरसन आणि मंडळींनी पॅन गळ्यात अडकवले आणि ते चालू लागले. मार्ग आखलेला नव्हता. मुले मागे लागली, खिडक्यांतून पाहणारे कॅरिबियन शेजारी ओळखीचा आवाज ऐकून खाली उतरले, आणि मिरवणूक वाढत गेली.

कार्निव्हलचे मूळ जोन्स यांच्याकडे जाते की लॅस्लेट यांच्याकडे, यावर आजही कडवटपणे वाद होतो. पोर्टोबेलो रोडजवळच्या ‘कार्निव्हल स्क्वेअर’वर दोघींच्या स्मरणार्थ निळ्या पाट्या लावून तो तात्पुरता मिटवला आहे. हा वाद केवळ मानाचा नाही. उत्सव कॅरिबियन समाजाचा आहे असे मानले तर त्याच्या व्यवस्थापनावर त्या समाजाचा अधिकार येतो. तो वस्तीचा आहे असे मानले तर आज तेथे राहणाऱ्या श्रीमंत घरमालकांचाही आवाज तितकाच ग्राह्य ठरतो. प्रत्येक आढाव्यात, प्रत्येक समितीत हा प्रश्न वेष बदलून येतो.

लेस्ली पामर यांची रचना आणि तिचे परिणाम

पहिली काही वर्षे कार्निव्हल काही हजारांचा होता. १९७० मध्ये वेस्टवे हा उंचावरचा द्रुतगती मार्ग वस्तीच्या छातीवरून नेण्यात आला, त्यासाठी घरांच्या रांगा पाडल्या गेल्या. त्याच उन्हाळ्यात ऑल सेंट्स रोडवरील ‘मँग्रोव्ह’ या फ्रँक क्रिचलो यांच्या उपाहारगृहावर पोलिसांनी वारंवार घातलेल्या छाप्यांविरुद्ध मोर्चा निघाला. नऊ जणांवर लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात ५५ दिवस खटला चालला आणि १९७१ च्या डिसेंबरमध्ये दंगलीला चिथावणी देण्याच्या मुख्य आरोपातून सर्वांची सुटका झाली. मँग्रोव्ह हे नुसते जेवणाचे ठिकाण नव्हते. कार्निव्हलच्या बैठका तेथे होत आणि पुढे त्याच नावाचा स्टील बँडही निघाला. अशा वातावरणात लॅस्लेट बाजूला झाल्या आणि उत्सव जवळजवळ विझण्याच्या बेतात आला.

१९७३ मध्ये त्रिनिदादमध्ये जन्मलेले तरुण शिक्षक लेस्ली पामर यांनी सूत्रे घेतली. त्यांनी तीन वर्षांत केलेले बदल आजच्या कार्निव्हलचा सांगाडा आहेत. प्रायोजक आणले, मार्ग वाढवला, विजेसाठी जनरेटरची सोय केली, निरनिराळ्या बेटांच्या लोकांनी आपापले वेशभूषेचे ताफे काढावेत यासाठी पाठपुरावा केला. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे रेगे संगीताच्या साउंड सिस्टिम त्यांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर व वेस्टवेच्या खाली उभ्या करायला लावल्या. स्टील पॅन, कॅलिप्सो गाणी आणि वेशभूषा ही त्रिनिदादची परंपरा होती. जमैकाच्या लोकांना, आणि त्याहून अधिक लंडनमध्येच जन्मलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना ती आपली वाटत नव्हती. त्यांचे संगीत उंच स्पीकरच्या भिंतींतून येत असे. पामर यांनी त्यांना जागा दिली आणि गर्दी लाखाच्या वर गेली.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ त्या वेळी पुरेसा लक्षात आला नसावा. मिरवणुकीची गर्दी पुढे सरकते. साउंड सिस्टिमची गर्दी एका कोपऱ्यावर तासन्‌तास उभी राहते. एकाच अरुंद रस्त्यावर या दोन गर्दी परस्परांना छेदतात. नॉटिंग हिलच्या जुन्या घरांसमोर तळघरात उतरणाऱ्या खोलगट जागा आणि त्यांना लोखंडी कठडे आहेत, त्यामुळे लोंढा मागून आला तर बाजूला सरकायला वाट उरत नाही. कार्निव्हलच्या सुरक्षिततेबद्दल आज जी चर्चा होते, तिचा गाभा गुन्हे हा आहे असे वृत्तपत्रे वाचून वाटते. मला तो गाभा या कोपऱ्यांवर दिसतो. तरीही साउंड सिस्टिम काढून टाकाव्यात असे म्हणणे म्हणजे उत्सवातील निम्मे लोक काढून टाकणे होईल. ‘चॅनल वन’सारखी सिस्टिम १९८३ पासून येथे अनेक दशके वाजत आली, आणि अशा जुन्या सिस्टिमच्या कोपऱ्यावर भेटण्याचा नेम ठेवून दूरच्या शहरांतून माणसे येतात.

१९७६ आणि त्यानंतर

१९७५ मध्ये गर्दी दीड लाखाच्या घरात गेल्यावर रहिवाशांच्या तक्रारी वाढल्या आणि खिसेकापूंच्या प्रकारांवरून पोलिसांनी भूमिका कडक केली. १९७६ च्या ऑगस्टमध्ये सुमारे ३,००० पोलीस नेमण्यात आले, म्हणजे आदल्या वर्षांच्या कितीतरी पट. त्या काळी १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्यातील एका कलमाखाली केवळ संशयावरून कोणालाही पकडता येत असे आणि त्याचा मार कृष्णवर्णीय तरुणांवरच अधिक बसे. सोमवारी संध्याकाळी एका खिसेकापूला पकडण्यावरून झटापट झाली आणि दंगल उसळली. शंभराहून अधिक पोलिसांना रुग्णालयात न्यावे लागले. संरक्षणाची साधने नसल्याने पोलीस कचऱ्याच्या डब्यांची झाकणे ढालीसारखी धरून उभे असल्याची छायाचित्रे देशभर छापली गेली. संशयावरून पकडण्याची ती तरतूद १९८१ मध्ये रद्द झाली, पण त्यापूर्वी तिने पुष्कळ नुकसान केले होते.

या दंगलीचे दोन परिणाम दीर्घकाळ टिकले. पहिला असा की कार्निव्हलकडे पाहण्याची सरकारची मुख्य नजर पोलिसी झाली. सांस्कृतिक खात्याने ज्याचा विचार करायचा तो विषय गृहखात्याच्या टेबलावर गेला, आणि त्याच्या अंदाजपत्रकात सर्वांत मोठी रक्कम बंदोबस्ताची झाली. अलीकडच्या वर्षांत दररोज सुमारे ७,००० पोलीस तैनात असतात. हा खर्च सरकार करते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला सरकार कार्निव्हलवर भरपूर पैसा ओतते आहे असे वाटते. पण त्यातला एक पौंडही पोशाख शिवणाऱ्याकडे, वाद्ये वाहून नेणाऱ्याकडे किंवा रस्त्यावर गर्दी वळवणाऱ्या प्रशिक्षित स्वयंसेवकाकडे जात नाही. दुसरा परिणाम म्हणजे आयोजकांत फूट पडली आणि एकाच उत्सवासाठी दोन समित्या काही काळ एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यानंतर आयोजक संस्था मोडणे, नवी स्थापन होणे, तिच्या हिशेबांवर आक्षेप येणे आणि पुन्हा नवी संस्था येणे हे चक्र फिरत राहिले. २०१८ पासून ‘नॉटिंग हिल कार्निव्हल लिमिटेड’ ही ना-नफा संस्था काम पाहते.

दुसरीकडे हलवण्याचा प्रस्ताव

व्हाइट सिटी स्टेडियम, हाइड पार्क अशी नावे १९७० च्या दशकापासून वेळोवेळी पुढे केली गेली. १९८५ मध्ये व्हाइट सिटी स्टेडियमच पाडून टाकण्यात आले. कार्निव्हल आपल्या रस्त्यांवर होता तसाच राहिला. २००० च्या कार्निव्हलमध्ये दोन खून झाल्यानंतर लंडनच्या महापौरांनी नेमलेल्या आढावा गटाने मार्ग बदलणे आणि हाइड पार्कचा उपयोग करणे हे पर्याय पुन्हा तपासले. २०१७ मध्ये लंडन असेंब्लीच्या समितीने चेंगराचेंगरीच्या धोक्याबद्दल स्पष्ट इशारा दिला. त्याच वर्षी एका खासदाराने महापौर सादिक खान यांना पत्र लिहून उत्सव येथेच भरवणे योग्य आहे का, असा प्रश्न केला आणि खान यांनी स्थलांतराला नकार दिला.

उद्यानाच्या बाजूचा युक्तिवाद फेटाळण्यासारखा नाही. उद्यानाला दारे असतात, माणसे मोजता येतात, रुग्णवाहिका आत नेता येते, प्रायोजकाला फलक लावता येतो आणि तिकीटही ठेवता येते. ज्यांना दोन दिवस दुकानांना प्लायवूड ठोकून घर सोडून जावे लागते, त्यांची तक्रारही खरी आहे. कठड्यावरून आत उड्या मारून दारात लघवी करणारे लोक कोणालाच नको असतात. संगीताचे आवाज संध्याकाळी सातला बंद करण्याचा नियम आणि मंगळवारच्या सकाळपर्यंत रस्ते धुऊन काढण्याची कौन्सिलची शिस्त या तक्रारींतूनच आली आहे.

तरीही उद्यान हे उत्तर नाही असे मला वाटते, आणि त्याचे कारण परंपरेच्या भावनेत शोधायला नको. कार्निव्हल दोन दिवस दिसतो, पण घडतो तो उन्हाळाभर. मे-जूनपासून ताफ्यांची कामाची ठिकाणे, ज्यांना ‘मास कॅम्प’ म्हणतात, चर्चच्या सभागृहांत, शाळांत, समाजमंदिरांत संध्याकाळी सुरू होतात. तारांचे सांगाडे वाकवणे, पिसे चिकटवणे, मण्यांचे पट्टे ओवणे ही कामे नोकरी संपवून आलेली माणसे करतात; आजीकडून नातीकडे हे कसब याच टेबलांवर जाते. स्टील बँडच्या तालमी उघड्या अंगणांत होतात आणि शेजाऱ्यांना आठवडाभर त्याच सुरावटी ऐकाव्या लागतात. पोविस स्क्वेअरमधील ‘टॅबरनॅकल’ ही एकोणिसाव्या शतकातील चर्चची इमारत या सगळ्या कामाचे केंद्र बनली आहे. समोरची बाग १९६८ मध्ये रहिवाशांनी कुंपण तोडून मुलांसाठी खुली करून घेतली होती, हे लक्षात घेतले म्हणजे सार्वजनिक जागेवरील दाव्याचा इतिहास या वस्तीत कार्निव्हलपुरता मर्यादित नाही हे कळते. ताफ्यात सामील होणारे आपल्या पोशाखाचे पैसे स्वतः भरतात, त्यातूनच ताफ्याचा बहुतेक खर्च निघतो, आणि कलापरिषदेचे अनुदान त्याला थोडाफार हातभार लावते. या श्रमांना मिरवणुकीच्या मार्गापासून तोडले तर उरेल तो एक चांगला संगीत महोत्सव असेल, आणि तसे महोत्सव लंडनमध्ये पुष्कळ आहेत.

गोव्यात याच कुळातील उत्सवाचे दुसरे रूप पाहायला मिळते. पणजीतील चित्ररथांची मिरवणूक, तिच्या अग्रभागी असलेला किंग मोमो, सरकारी पर्यटन खात्याचे नियोजन आणि कंपन्यांचे चित्ररथ यांमुळे ती सुरक्षित व आटोपशीर होते. सासष्टीच्या गावांत चौकांतून होणारे खेळ मात्र तिच्यापासून वेगळेच राहतात. लंडनमध्ये हे दोन भाग अजून वेगळे झालेले नाहीत. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरील विसर्जन मिरवणुकीचे नियोजन ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना नॉटिंग हिलच्या बहुतेक अडचणी ओळखीच्या वाटतील. फरक असा की तेथे शेकडो मंडळे आपापल्या वर्गणीवर आणि आपापल्या कार्यकर्त्यांवर उभी असतात, आणि लंडनमध्ये रस्ता बंद करणे, गर्दीचे स्वयंसेवक नेमणे, शौचालये, प्रथमोपचार, विमा यांचा भार एका छोट्या संस्थेवर येतो.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. ताफ्यांबरोबर ट्रकवर वाजणारे सोका संगीत १९७० च्या दशकात त्रिनिदादमध्ये घडले, आणि ते घडवणाऱ्या गारफिल्ड ब्लॅकमन ऊर्फ रास शॉर्टी आय यांनी कॅलिप्सोत भारतीय वंशाच्या मजुरांच्या वंशजांचे ढोलक आणि तालांचे प्रकार मिसळले. १८४५ पासून गिरमिटिया म्हणून त्रिनिदादला गेलेल्या लोकांचा ताल अशा रीतीने मिरवणुकीच्या मार्गावरील लॅडब्रोक ग्रोव्ह या रस्त्यावर पोहोचला आहे. ‘कॅरिबियन समाजाचा उत्सव’ असे म्हणताना त्या समाजातील भारतीय अंश सहसा विसरला जातो.

ग्रेनफेलनंतर

१४ जून २०१७ रोजी मिरवणुकीच्या मार्गापासून थोड्याच अंतरावरील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला लागलेल्या आगीत ७२ जण मृत्युमुखी पडले. इमारत कौन्सिलच्या मालकीची होती. देशातील सर्वांत श्रीमंत कौन्सिलांपैकी एका कौन्सिलच्या हद्दीत उत्तरेकडील गरीब वस्तीची कशी उपेक्षा झाली, यावर त्यानंतर वर्षानुवर्षे चौकशी चालली. आग लागल्यावर अवघ्या दहा आठवड्यांनी कार्निव्हल यायचा होता. तो रद्द व्हावा असे काहींनी सुचवले. वस्तीतून मात्र तो व्हावा, पण शोक पाळून व्हावा, असा आग्रह धरला गेला. दुपारी तीन वाजता सर्व मिरवणूक आणि सर्व साउंड सिस्टिम थांबवून शांतता पाळण्यात आली. पुढील वर्षांपासून ती ७२ सेकंदांची झाली आणि दोन्ही दिवशी पाळली जाते. ज्या मिरवणुकीवर बेशिस्तीचा शिक्का बसलेला आहे, ती लाखो माणसे आणि तीसहून अधिक साउंड सिस्टिम यांच्यासह ठरलेल्या मिनिटाला थांबते, याची नोंद सुरक्षेविषयीच्या चर्चेत क्वचितच घेतली जाते. स्वयंनियमन कोठे चालते आणि कोठे चालत नाही हे ठरवण्यासाठी ती नोंद उपयोगी आहे: ताफे, बँड आणि सिस्टिम यांच्यापर्यंत निरोप पोहोचतो, कारण त्यांचे एकमेकांशी वर्षभराचे संबंध असतात, बाहेरून आलेल्या, कोणाशीही न जोडलेल्या गर्दीपर्यंत तो पोहोचत नाही. म्हणून प्रशिक्षित स्वयंसेवकांची गरज ताफ्यांच्या आतपेक्षा चौकांत आणि रेल्वे स्थानकांकडे जाणाऱ्या वाटांवर आहे. लॅडब्रोक ग्रोव्ह स्थानक त्या दोन दिवशी बंद ठेवले जाते ते याचमुळे.

पैशाचा प्रश्न

२००३ मध्ये लंडनच्या विकास संस्थेने केलेल्या पाहणीत कार्निव्हलमुळे शहराच्या अर्थव्यवस्थेत वर्षाला सुमारे ९.३ कोटी पौंडांची भर पडते असे म्हटले होते. हा आकडा जुना आहे आणि असे अंदाज नेहमी सढळ असतात, तरी तो निम्मा धरला तरी एक विसंगती उरते: हॉटेले, रेल्वे, दुकाने आणि कर यांच्या रूपाने मिळणारा हा लाभ शहरभर पसरतो, आणि उत्सव सुरक्षित ठेवण्याचा भार वस्तीतील संस्थेवर आणि दोन स्थानिक कौन्सिलांवर पडतो. मार्गाचा बहुतेक भाग केन्सिंग्टन अँड चेल्सीत आणि काही भाग वेस्टमिन्स्टरच्या हद्दीत येत असल्याने प्रत्येक खर्चाची वाटणी वाटाघाटीने करावी लागते. तिकीट नसल्याने आयोजकांना गर्दी वाढली की उत्पन्न वाढत नाही, फक्त जोखीम वाढते. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर हा असा उद्योग आहे ज्याचे यश हेच त्याचे नुकसान आहे.

२०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे कार्निव्हल केवळ ऑनलाइन झाला आणि २०२२ मध्ये रस्त्यावर परतला. २०२४ मध्ये उत्सवाच्या काळात झालेल्या हल्ल्यांनंतर दोन जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर करण्यात आलेल्या स्वतंत्र सुरक्षा पाहणीने गर्दीच्या नियंत्रणातील गंभीर उणिवा दाखवल्या. जून २०२५ मध्ये आयोजक संस्थेच्या अध्यक्षांनी केंद्रीय सांस्कृतिक मंत्र्यांना लिहिलेले पत्र फुटले. तातडीने निधी मिळाला नाही तर उत्सवाचे भवितव्य धोक्यात येईल असा त्याचा आशय होता. शेवटी लंडनचे महापौर कार्यालय आणि दोन्ही कौन्सिलांनी मिळून ९ लाख ५८ हजार पौंड दिले. यातून स्वयंसेवक वाढवणे आणि पाहणीतील सूचना अमलात आणणे शक्य झाले, आणि २४ व २५ ऑगस्ट २०२५ रोजी कार्निव्हल पार पडला. बंदोबस्तात चेहरे ओळखणारे कॅमेरेही वापरण्यात आले. २०१६ व २०१७ मध्येही ते येथेच वापरून पाहिले होते, आणि १९७६ च्या आठवणी असलेल्या समाजात त्यांना विरोध झाला.

ही रक्कम त्या एका वर्षासाठी होती. ती कोणत्या तत्त्वावर दिली, दरवर्षी मिळणार का, आणि सुरक्षेच्या त्रुटीबद्दल उद्या अपघात झालाच तर जबाबदार कोण, याचा लेखी करार त्यातून झाला नाही. माझ्या मते या प्रकरणात करण्यासारखी दुरुस्ती येथेच आहे. बंदोबस्तावर होणाऱ्या खर्चाचा ठरावीक हिस्सा किमान पाच वर्षांच्या कराराने चौकांतील गर्दी-व्यवस्थापनाकडे वळवावा, त्या कराराची बाजू केंद्र सरकारने घ्यावी, कारण लाभ शहराचा आणि देशाचा आहे, आणि साउंड सिस्टिमच्या जागा ठरवताना त्या चालवणाऱ्यांना मत असावे. काही कोपरे बदलावे लागतील. काही सिस्टिम दोन गल्ल्या आत सरकवाव्या लागतील, आणि त्यावरून भांडणे होतील. आयोजक संस्थेला असा करार नको असण्याचीही शक्यता आहे, कारण सरकारी पैसा कायमचा आला की अटीही कायमच्या येतात आणि मँग्रोव्हच्या दिवसांपासून या वस्तीने सरकारकडे सावधपणेच पाहिले आहे. त्या सावधपणाला कारणे आहेत. पण दर उन्हाळ्यात ऐनवेळी पत्रे लिहून निधी जमवणे, आणि त्याच आधारावर पुढच्या वर्षीच्या ताफ्यांना मे महिन्यात पिसे व कापड विकत घ्यायला सांगणे, यात त्यांना मिळणारे स्वातंत्र्य किती आहे हे मास कॅम्प चालवणाऱ्यांनाच विचारायला हवे.